विसरण्यामागचं नैराश्य

"आता वय झालं, विसरायचंच." घरातल्या वयस्कर माणसाबद्दल हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, बोलता बोलता धागा सुटतो. या सगळ्याला वयाचं कारण चिकटवून आपण मोकळे होतो. त्याच माणसाची भूक मंदावली आहे, त्याला भल्या पहाटे जाग येते, आवडीच्या कामातही त्याचं मन लागत नाही, हे डोळ्यांना दिसत असतं. पण त्याचा संबंध विसरण्याशी असेल, असं मनात येत नाही. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा रडत नाही. ते अंगदुखी, थकवा आणि विसराळूपणाच्या रूपात समोर येतं.

नैराश्य आणि विसरणं यांना जोडणारा एक दुवा म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक. ताण जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला संदेश धाडतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागं करते आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. ते वैरी मुळीच नाही. त्याच्यामुळे रक्तातली साखर वाढते आणि संकटाला तोंड द्यायला बळ मिळतं. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी सर्वात वर असते, नंतर दिवसभर ती उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोचते. नैराश्य आलेल्या अनेकांमध्ये हा उतारच बिघडतो. संध्याकाळ होते, रात्र होते, तरी कॉर्टिसॉल हवं तितकं खाली येत नाही.

याचा फटका नेमका स्मरणशक्तीलाच का बसावा? मेंदूचे अभ्यासक ब्रूस मॅकीवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये उंदरांच्या मेंदूत पाहिलं, की त्यांच्यातलं कॉर्टिसॉलसारखंच ताणाचं संप्रेरक हिप्पोकॅम्पसमध्ये मोठ्या प्रमाणावर जाऊन चिकटतं. नव्या आठवणी घडवणारा हाच तो भाग. शिवाय "आता पुरे" असं सांगून कॉर्टिसॉलला लगाम घालण्यातही त्याचा वाटा असतो. म्हणजे सततच्या ताणाने हिप्पोकॅम्पस थकला, की लगाम ढिला पडतो, कॉर्टिसॉल आणखी वाढतं आणि हिप्पोकॅम्पस आणखी थकतो. हे दुष्टचक्र मला या विषयातलं सर्वात अस्वस्थ करणारं सत्य वाटतं.

संशोधक सोनिया ल्युपियन यांच्या गटाने कॅनडात वयस्कर मंडळींचं कॉर्टिसॉल काही वर्षं सातत्याने मोजलं. 1998 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: ज्यांची पातळी चढत गेली होती आणि उंचच राहिली होती, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सरासरी 14 टक्क्यांनी लहान होता आणि ते स्मरणाच्या चाचण्यांतही मागे पडले. माणसं मोजकीच होती, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायला हवा. नैराश्य आलेल्या प्रत्येकाचं कॉर्टिसॉल वाढतं असंही नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या तरी मन खचतं आणि विचार मंदावतात. कधी कधी तर नैराश्य हीच पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची पहिली खूण असते.

पण हिप्पोकॅम्पस आकसला म्हणजे तिथल्या पेशी मेल्याच, असं नव्हे. प्राण्यांमध्ये दिसतं ते असं, की दीर्घ ताणाखाली चेतापेशी आपल्या फांद्या आखडून घेतात आणि ताण सरला की त्या पुन्हा पसरू शकतात. कुशिंग्ज आजारात शरीरात कॉर्टिसॉलचा पूर असतो. त्यावर उपचार झालेल्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पसचा आकार काही प्रमाणात भरून आल्याचं दिसलं आहे.

म्हणूनच विसरायला लागलेल्या माणसाला डॉक्टरांकडे नेलं, तर झोप, भूक आणि मनःस्थितीबद्दल आपण होऊन सांगावं. थायरॉइड आणि बी-12 यांची तपासणीही करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेतही हेच चित्र दिसतं. तपासताना डॉक्टरांना एक फरक पुष्कळदा जाणवतो. नैराश्यातला माणूस "मला नाही आठवत" म्हणून चटकन हार मानतो आणि आपल्या विसरण्याची तक्रार स्वतःच करतो. स्मृतिभ्रंशातल्या माणसाला मात्र बऱ्याचदा आपण विसरतोय याची जाणीवच नसते, काळजीने घेऊन येतात ते घरचे. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही आहेत, आणि उतारवयातही त्यांचा उपयोग होतो. चालण्याचंही मोल मोठं आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 120 वयस्कर व्यक्ती होत्या. त्यांतले निम्मे वर्षभर नियमित भरभर चालले, बाकीच्यांनी फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. वर्षअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढलेला होता, दुसऱ्या गटातल्यांचा थोडा घटला होता.