70 किलोंची ओढ: जुनी गिटार घरी दुरुस्त करताना

माळ्यावरची जुनी गिटार खाली आली की पहिला हात फडक्याकडे जातो आणि दुसरा पॉलिशच्या बाटलीकडे. दोन्ही थोडे थांबवा. धुळीने गिटारचं फारसं काही बिघडत नाही. तिला म्हातारी करते ती तारांची ओढ. पोलादी तारांचा नेहमीचा हलका संच स्वरात लावला की सहा तारा मिळून 70 किलोंहून थोडं जास्तच ओढतात. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस लोंबकळत राहावा तशी ही ओढ, आणि ती पेलायला समोरची लाकडी फळी, म्हणजे टॉप, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. वीस वर्षं तारा लावलेल्या अवस्थेत पडलेली गिटार तेवढी वर्षं राबतच असते.

म्हणून पहिलं काम तारा उतरवण्याचं. खुंट्या फिरवून सगळ्या तारा पूर्ण सैल करा, मगच कापा. ताणलेली गंजकी तार कापली तर तिचं टोक कुठे जाईल याचा नेम नाही, आणि डोळा जवळच असतो. जुन्या तारा वाचवण्यात अर्थ नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत पोलादाला गंज लवकर चढतो. बोटांच्या घामातलं मीठही तेच करतं. गंजामुळे आणि साचलेल्या मळामुळे तारेचं वजन लांबीभर सारखं राहत नाही. तार सारखी असेल तरच तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे बसतात. ते हलले की ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि कानाला मात्र स्वर लागलेला वाटत नाही.

तारा निघाल्यावर ब्रिजकडे, म्हणजे तारा ज्यात अडकवतात त्या टॉपवर चिकटवलेल्या लाकडी पट्टीकडे पाहा. वहीचा एक कागद घ्या आणि त्याची कड ब्रिजच्या मागच्या बाजूला, टॉप आणि ब्रिज यांच्या सांध्यात सरकवून बघा. कागद कुठेही आत शिरत नसेल तर नशीब चांगलं. दोन-तीन मिलिमीटर आत गेला तर गोंद सुटायला लागला आहे. तारा सॅडलवरून, म्हणजे ब्रिजमधल्या ज्या पातळ पट्टीवर त्या टेकतात तिच्यावरून, टॉपच्या सेंटिमीटरभर वरून ओढतात, त्यामुळे ब्रिज नुसता पुढे खेचला जात नाही. त्याची मागची कड उचलली जाते आणि पुढची आत दाबली जाते. ब्रिजच्या मागे टॉप फुगलेला आणि पुढे बसलेला दिसतो तो याच पिळामुळे. थोडा फुगवटा सगळ्याच गिटारींना असतो, त्याने घाबरू नये.

आता गोंद. इथेच घरगुती दुरुस्त्या सर्वांत जास्त फसतात. सुताराचा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. खुर्ची-टेबलाला उत्तम. पण त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना घट्ट जखडलेले नसतात, आणि ओढ सतत राहिली की ते हळूहळू सरकतात. शिवाय हा पदार्थ साधारण 30 ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखा कडकपणा सोडून रबरासारखा होऊ लागतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा 45 ला टेकतो. जानेवारीत पक्का बसलेला ब्रिज तेव्हा केसभर पुढे गेला तर नवल नाही. सुतारकामासाठी मिळणारा पिवळा गोंद याच कुळातला, पण कमी सरकणारा. आणि जुना सरस? जनावरांच्या कातड्या-हाडांतल्या कोलॅजेनपासून बनलेला, पाण्यात शिजवून गरम लावायचा. वाळला की कडक होतो आणि ओढीखाली सरकत नाही. पुढे कधी सांधा उघडायचा झाला तर ऊब आणि ओल देऊन सोडवताही येतो. मला तो आवडतो, पण दमट हवेत तोही नरमतो, तेव्हा त्याचं फार कौतुक करायला नको. गोंद कोणताही घ्या, जुन्याच्या थरावर नवा चढवू नका. ब्रिजखालचं लाकूड उघडं होईपर्यंत जुना गोंद काढायचा, साउंडहोलमधून, म्हणजे टॉपच्या गोल भोकातून, क्लॅम्प घालून दाबायचं आणि एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही.

एवढे कष्ट ब्रिज आणि टॉपवरच का घ्यायचे? स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या गिटार कारागिराने 1862 साली एक गिटार केली. तिचा टॉप लाकडाचा होता, पाठ आणि बाजू मात्र कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचं बहुतेक काम टॉपच करतो हे त्याला दाखवायचं होतं. पाठीवरचा ओरखडा किंवा बाजूची बारीक चीर दिसायला वाईट असते, पण टॉपची किंवा ब्रिजची दुखापत ऐकू येते.

ओढीनंतरचा दुसरा शत्रू पाणी. हवेतली आर्द्रता 25 टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 5 टक्के पाणी उरतं. आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की ते 18 टक्क्यांच्या घरात जातं. विदर्भातला उन्हाळा आणि मुंबईचा जुलै ही ती दोन टोकं. तंतूंच्या दिशेने लाकूड जवळपास हलत नाही, आडव्या दिशेने मात्र हलतं. स्प्रूसची 40 सेंटिमीटर रुंद फळी मोकळी असती तर पाण्यात 10 टक्क्यांचा फरक पडल्यावर ती पाच-सहा मिलिमीटरने रुंद झाली असती. पण ती कडेने चिकटवलेली आहे. मग पावसाळ्यात ती वर फुगते, आणि कोरड्या हवेत आक्रसायला जागा न मिळाल्याने तडकते. तुमची गिटार यात कुठे बसते ते साउंडहोलच्या कडेवर कळतं. वरच्या रेषा जाडीतून तशाच खाली उतरताना दिसल्या तर टॉप अखंड लाकडाचा. कडेला आडवे-उभे थर दिसले तर प्लायवूड. अखंड टॉपचा आवाज चांगला हे खरं, पण आपल्या हवेत प्लायवूडची स्वस्त गिटार जास्त टिकते, कारण तिचे थर एकमेकांना हलू देत नाहीत.

नेकचं, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचं, मोजमाप करायला उपकरण लागत नाही. नव्या तारा लावून स्वरात आणा. फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. दोन टोकांमध्ये ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच. सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. झेरॉक्सचा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. दोन कागद सहज जावेत आणि चौथा अडकावा, एवढी फट चांगली. फट नसेल तर तारा फ्रेटांवर आपटणार. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा. नेकच्या आत बसवलेली ही लोखंडी सळई. तिच्या आवळता-सैल करता येणाऱ्या रूपासाठी गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1921 साली पेटंटचा अर्ज केला होता. अ‍ॅलन की एका वेळी पाव फेराच फिरवा आणि पुन्हा मोजा. जोर लावावा लागला तर थांबा, कारण तुटलेला ट्रस रॉड घरी दुरुस्त होत नाही. नेक बुडापासूनच पुढे झुकला असेल तर तेही काम कारागिराचं.

तारांची किरकिर हा वेगळा विषय आहे, आणि आपल्याकडे तो जास्त मजेदार आहे. तंबोऱ्यात हीच किरकिर मुद्दाम घडवतात. मिरजेचे कारागीर, ज्यांच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, घोडीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या ब्रिजचा, माथा घासून घासून जवारी, म्हणजे तो झणझणीत गुंजणारा नाद, खुलवतात. तार त्या वक्र माथ्याला घासत राहते आणि उपस्वर उसळून येतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नोंदवलं की तार अशा जागी छेडली, जिथे एखादा उपस्वर उमटायलाच नको, तरी तंबोऱ्यात तो ऐकू येतो. गिटारमध्ये हेच घासणं चुकीच्या जागी घडतं: एखाद्या उंच राहिलेल्या फ्रेटवर. तो शोधायला जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड एका वेळी तीन फ्रेटांवर ठेवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच. बऱ्याचदा तो फक्त खाचेतून वर आलेला असतो आणि लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोकला की बसतो. घासण्याची वेळ आली तर अगदी थोडं घासा. फ्रेट तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूचे असतात आणि घासलेला धातू परत येत नाही.

किरकोळ कामं पटकन होतात. खुंट्यांच्या दातऱ्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचांत पेन्सिलचं शिसं, म्हणजे सुरात लावताना तार टिक टिक करत उड्या मारत नाही.

नव्या तारांचा जोर मात्र लगेच पूर्ण देऊ नका. स्वराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने 1636 साली मांडलं. उलट हिशेब केला तर सगळ्या तारा दोन फ्रेट खाली लावल्यावर ओढ सुमारे 20 टक्क्यांनी उतरते. नुकत्याच चिकटवलेल्या ब्रिजला काही आठवडे एवढी सवलत द्या. ट्रस रॉड नसलेल्या जुन्या गिटारला ती कायमची दिली तरी चालेल, वरच्या सुरात गायचं असेल तर कापो, म्हणजे नेकवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, आहेच. आणि नायलॉन तारांच्या गिटारला पोलादी तारा लावायच्या नाहीत. तिची बांधणी साधारण 40 किलोंसाठी असते.

पॉलिश सर्वांत शेवटी, आणि मनापासून सांगायचं तर नकोच. जुन्या गिटारवर लाखेचं फ्रेंच पॉलिश असू शकतं. ते स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेलं असतं आणि स्पिरिटनेच, म्हणजे सॅनिटायझरच्या फडक्यानेही, निघून येतं. किंचित ओल्या सुती कपड्याने मळ काढा, लगेच कोरडं पुसा. ही सगळी जुळणी पावसाळ्यात केली असेल तर दिवाळीनंतर तारांची उंची पुन्हा मोजा. तोवर टॉप सुकून खाली बसलेला असतो, आणि जुलैत न किरकिरणारी तार तेव्हा किरकिरू लागते.