बाटलीतला पांढरा साका

गोव्यातल्या कांदोळीसमोर दहाएक किलोमीटर आत गेलं तरी समुद्र जेमतेम 25-30 मीटर खोल आहे. दहा मजली इमारत बुडेल, इतकाच. समुद्रशास्त्राच्या हिशोबात हे डबकंच म्हणायचं. तरीही दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक 1997पासून याच जागी पुन्हा पुन्हा जातात, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढतात आणि त्यात ऑक्सिजन किती आहे ते मोजतात.

मोजायची पद्धत जुनी आहे. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती 1888 साली मांडली. काचेची छोटी बाटली रबरी नळीने तळापासून भरायची, पाणी काठावरून वाहू द्यायचं, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीजच्या क्षाराचं थोडं द्रावण, पाठोपाठ आयोडाइड मिसळलेला अल्कली, आणि बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर क्षणात तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. पुढे आम्ल घातलं की तो विरघळून पिवळं आयोडिन सुटतं. त्यात स्टार्च घातला की निळा रंग येतो, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडत तो निळा रंग घालवायचा. बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्यांचा एक थेंब जास्त पडला असेल, त्यांना यातली धाकधूक सांगायला नको.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदोळीच्या तळाजवळचं पाणी भरलं, तर पुष्कळदा ब्युरेटपर्यंत जायची गरजच पडत नाही. साका पांढराच राहतो, ताक ढवळल्यासारखा. ऑक्सिजन नाही. कधी कधी तर बाटली भरतानाच कुजक्या अंड्याचा वास येतो.

याला गटारं जबाबदार असतील, असं चटकन वाटतं. किनाऱ्यावरून येणाऱ्या घाणीचा हात असेलही थोडा, पण हे गुदमरलेलं पाणी मुळात खोल समुद्रातून आलेलं असतं.

अरबी समुद्राच्या मध्यावर वरून खाली उतरत गेलं, तर पहिले काही दहा मीटर सगळं ठीक असतं. वारा पाणी घुसळतो, हवेतला ऑक्सिजन त्यात विरतो. साधारण 100-150 मीटरवर मात्र ऑक्सिजन एकदम ढासळतो आणि तिथून जवळजवळ 1000 मीटरपर्यंत तो नसल्यातच जमा. जगात असे मोठे पट्टे तीनच: दोन पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागात आणि तिसरा हा आपल्या दाराशी. गंमत पुढे आहे. आणखी खाली गेलं की ऑक्सिजन पुन्हा वाढू लागतो. 3000 मीटरवर, जिथे सूर्याचा किरण कधी पोचलेला नाही, तिथलं पाणी 300 मीटरवरच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक श्वास घेण्याजोगं आहे. खोल म्हणजे निर्जीव, हा आपला समज इथे उलटा पडतो.

कारण ते तळाचं पाणी इथलं नव्हेच. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात थंड होऊन, ऑक्सिजन पोटात घेऊन बुडालेलं पाणी शेकडो वर्षं तळातळाने सरकत उत्तरेकडे येतं. अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला ध्रुवाकडच्या थंड प्रदेशापर्यंत जातात, त्यामुळे त्यांना तिकडूनही ताजं पाणी मिळतं. हिंदी महासागराच्या उत्तरेला आशिया खंड आडवा पडलाय. एकच दार असलेली खोली, तेही दक्षिणेला. मधल्या थरांपर्यंत पोचणारं पाणी लांबून, रमतगमत येतं आणि वाटेतच बराचसा ऑक्सिजन खर्चून बसतं.

त्यात इथे खाणारी तोंडं फार. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी दूर लोटतात, खालून खतावलेलं थंड पाणी वर येतं आणि वनस्पती-प्लवंगांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं रान माजतं. ते मेलं की त्याचा चुरा बर्फाच्या भुरभुरीसारखा खाली पडत राहतो, आणि मधल्या थरातले जिवाणू तो खाताना ऑक्सिजन संपवतात. आता सुगी ओमानच्या बाजूला, म्हणजे सगळ्यात वाईट अवस्थाही तिकडेच असायला हवी. तशी ती नाही. ऑक्सिजनचा सगळ्यात कडक दुष्काळ समुद्राच्या मध्यापासून ईशान्येकडे, म्हणजे आपल्या बाजूला सरकलेला आहे. पश्चिमेच्या थरांना दक्षिणेकडून येणारे प्रवाह थोडंफार ताजं पाणी पुरवतात, पूर्वेला ते पोचेपर्यंत संपलेलं असतं. कोण किती खातं यापेक्षा कुणाकडे वारा खेळतो, याला महत्त्व जास्त.

हे सगळं खोल समुद्रातलं. ते कांदोळीच्या उथळ पाण्यात कसं येतं?

कोकणातल्या माणसाला समुद्राचं येणं-जाणं भरती-ओहोटीतून, उधाण-भांगातून ठाऊक असतं. त्याहून संथ असं आणखी एक येणं-जाणं आहे, ते वर्षाच्या घड्याळावर चालतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, केरळच्या दिशेने वाहतो. हिवाळ्यात तो चक्क उलटा फिरून उत्तरेकडे वाहू लागतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात आणतो. जगातले बहुतेक मोठे प्रवाह असे दिशा बदलत नाहीत. आपल्याकडे बदलतात, कारण वारेच बदलतात.

पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे असताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं पाणी उतारावरून वर चढतं. यात एक कोडं होतं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा एवढं पाणी हलवण्याइतका जोरदार नसतो. मग उरलेला जोर कुणाचा? समुद्रशास्त्रज्ञ सतीश शेट्ये, डी. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातला मोठा वाटा बंगालच्या उपसागराकडून येतो. तिकडच्या वाऱ्याने समुद्राच्या पोटात उठवलेली लाट, डोळ्यांना न दिसणारी, किनारा उजव्या हाताला धरून चालते: आंध्र, तमिळनाडू, श्रीलंका, मग केरळ, मग आपण. वेग दिवसाला सुमारे 200 किलोमीटर. ती आली की थंड आणि उबदार पाण्यातली सीमारेषा वर किंवा खाली सरकते. म्हणजे गोव्याच्या तळाशी काय घडणार, याचा थोडा निकाल विशाखापट्टणमसमोर आधीच लागलेला असतो. मला या सगळ्या शास्त्रात याइतकी देखणी गोष्ट दुसरी वाटत नाही.

असं वर चढलेलं अर्धमेलं पाणी समुद्रबूड जमिनीवर पसरतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी पाच-दहा मीटरचं झाकण घालतं. गोडं पाणी हलकं, ते खाली मिसळत नाही. वरून हवा बंद, आणि खाली जिवाणूंचं खाणं चालूच. ऑक्सिजन संपला की ते पाण्यातल्या नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर श्वास भागवतात. खुल्या समुद्रातल्या पट्ट्यात गाडी इथेच थांबते. पण किनाऱ्याजवळ नायट्रेटही संपतं, मग सल्फेटची पाळी येते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास तो हाच.

नायट्रेट मोडताना मध्येच नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट ऊब धरून ठेवतो. दोनापावलाच्या संस्थेचे वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर'मध्ये लिहिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मोठ्या प्रमाणात साठतोय. इथली ऑक्सिजनची टंचाई वाढली असून शेतातून वाहून येणारा नायट्रोजन त्यामागे असू शकेल, असंही त्यांनी सुचवलं होतं.

टंचाई तशी जुनीच. 1933-34 साली 'मबाहिस' हे इजिप्शियन जहाज अरबी समुद्रात फिरलं, तेव्हा ओमानच्या बाजूला मधल्या खोलीवरच्या तळात प्राणीच सापडेनात. कराचीसमोरच्या उतारावर तर तळाचा चिखल वहीच्या पानांसारखा थर-थर साचलाय. चिखल उकरायला किडेच नाहीत, त्यामुळे एकेका वर्षाचं पान जसंच्या तसं राहिलंय.

आता पट्टा खरोखर पसरतोय का? जगभरच्या समुद्रांतला ऑक्सिजन 1960पासून सुमारे 2 टक्क्यांनी घटलाय. ओमानच्या आखातात चाचेगिरी आणि राजकारणामुळे वर्षानुवर्षं जहाजं जाऊ शकली नव्हती. तिथे पाण्याखालून आपले आपण फिरणारे ग्लायडर सोडले, तेव्हा 2018मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे अपेक्षेपेक्षा वाईट निघाले. याउलट हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र हिरवा करणाऱ्या नॉक्टिल्युकाचं भांडण अजून मिटलेलं नाही. पोटात हिरवं शेवाळ पाळणारा हा एकपेशीय जीव ऑक्सिजन घटल्यामुळे माजला, असं जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांच्या गटाने 2014 साली मांडलं. त्यावर काही भारतीय शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं की तो फुलतो तेव्हा वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. एका नेटक्या गोष्टीत सगळं बसवायचा मोह सुटणं कठीण असतं. इथे आकडे मोह धरू देत नाहीत, असं माझं मत.

या पट्ट्यात कुणी राहत नाही, असंही नाही. अंगावर दिव्यांचे ठिपके असलेले बोटभर लँटर्नफिश दिवस तिथेच काढतात, 200 ते 400 मीटरवर. कुपा म्हणजे ट्यूनासारख्या चपळ शिकाऱ्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, तो तिथे उतरू शकत नाही. अंधार पडला की हे मासे खायला वर येतात. जहाजावरच्या, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या इको-साउंडरला त्यांची दाटी इतकी घट्ट दिसते की पडद्यावर समुद्राचा तळच वर आल्यासारखा वाटतो. पहाटे हा खोटा तळ हळूहळू खाली जायला लागतो, आणि उजाडेपर्यंत जिथे विंकलरची बाटली पांढरी राहते, तिथे जाऊन थांबतो.