फोल्डर-व्यवस्था

संगणक, मोबाइल आणि क्लाउडवरच्या फाइलींना अशी नावे व जागा देणे, की त्या काम करणाऱ्याला सापडतील आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्यालाही सापडतील, या रीतीला फोल्डर-व्यवस्था म्हणतात. एकाच सॉफ्टवेअरपुरती ती सोपी असते. अडचण येते ती एका कामाच्या फाइली पाच ठिकाणी पांगल्यावर : ऑर्डर मेलवर, ड्रॉइंग कॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आणि दरपत्रक गूगल ड्राइव्हवर. कोल्हापुरातले छापखाने, शिरोली व गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्री आणि मशीनशॉप, गुजरीतल्या सराफी पेढ्या, वकिलांची व सीएंची कार्यालये यांच्या रोजच्या कामात हेच दिसते. म्हणून या नोंदीतली उदाहरणेही तिथलीच घेतली आहेत.

कागदांची उतरंड मराठी कारभाराला नवी नाही. दप्तर, दप्तरात रुमाल, रुमालात पुडके आणि पुडक्यात कागद अशी मोडी कागदपत्रांची मांडणी असे, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळाची कागदपत्रे पाहायला जाणारा अभ्यासक आजही रुमालाच्या क्रमांकापासूनच सुरुवात करतो. संगणकावरची फोल्डरात फोल्डर ही रचना १९६५ मध्ये मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेली आणि पुढे युनिक्स या प्रणालीने ती रुळवली. विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉसमध्ये ती १९८३ च्या २.० आवृत्तीपासून आली. कागदी फोल्डरचे चित्र झेरॉक्स स्टार (१९८१) आणि ॲपल मॅकिंटॉश (१९८४) यांनी पडद्यावर आणले. विंडोज ९५ ने ‘डिरेक्टरी’ऐवजी ‘फोल्डर’ हा शब्द घरोघर पोचवला आणि नावाला आठ अक्षरे, एक्स्टेन्शनला (नावातल्या टिंबानंतरच्या भागाला) तीन ही डॉसची अटही काढून टाकली. घरोघर पोचलेल्या या चित्रात एक गोष्ट गृहीत होती : रुमालातल्या कागदाप्रमाणे फाइलही एका वेळी एकाच जागी असते. पुढच्या सॉफ्टवेअरांनी हे गृहीतच मोडले, पण पडद्यावरचे चित्र मात्र तेच ठेवले. आजच्या बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे.

जीमेल २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात फोल्डर नव्हते, लेबले होती. एकाच मेलला ‘जीएसटी’ आणि ‘शिरोली ऑर्डर’ अशी दोन्ही लेबले लागू शकतात. मेल मात्र एकच असतो. तेच खाते थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये आयमॅप या जोडणीने जोडले की प्रत्येक लेबल फोल्डरासारखे दिसते आणि एकच मेल दोन-तीन ठिकाणी आढळतो. जागा वाचावी म्हणून माणूस त्यातला एक कचऱ्यात टाकतो आणि मूळ मेलच जातो. गूगल फोटोजमधला अल्बमही असाच नुसता गट आहे, तिथे फोटोची दुसरी प्रत नसते. लाइटरूम या छायाचित्रकारांच्या सॉफ्टवेअरचे त्याहून वेगळे : फोटो डिस्कवरच्या खऱ्या फोल्डरात असतात, पण कुठला फोटो कुठे आहे याची वही लाइटरूम स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवते. एखाद्या छायाचित्रकाराने लग्नाचा फोल्डर विंडोज एक्सप्लोररमधून दुसऱ्या डिस्कवर ओढला, तर लाइटरूममध्ये त्या फोल्डरावर प्रश्नचिन्ह येते. फोटो गेलेले नसतात, वहीतला पत्ता चुकलेला असतो. हलवाहलव लाइटरूमच्या आतून केली तर हे घडत नाही.

गूगल ड्राइव्हमध्ये पूर्वी एक फाइल अनेक फोल्डरांत ठेवता येत असे. ३० सप्टेंबर २०२० पासून नव्याने तसे ठेवता येत नाही; दुसऱ्या जागी शॉर्टकट ठेवावा लागतो. शॉर्टकट पुसला तर फाइल राहते, फाइल पुसली तर शॉर्टकट मुका होतो. संगणकावर दिसणाऱ्या ड्राइव्हच्या फोल्डरात गूगल डॉक्सच्या ज्या फाइली दिसतात, त्या केवळ दुवे असतात. त्या पेनड्राइव्हवर कॉपी करून नेल्या आणि तिकडे इंटरनेट किंवा खात्याची परवानगी नसली, तर हाती काहीच लागत नाही. मजकूर न्यायचा असेल तर आधी वर्ड किंवा पीडीएफमध्ये उतरवून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउडची गफलत निराळी : चालू केल्यावर तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपल्या पोटात घेऊ शकतो. मग ‘डेस्कटॉप’ नावाच्या दोन जागा होतात, आणि कालपर्यंत समोर असलेली फाइल आज कुठे गेली ते समजत नाही.

म्हणजे ‘फोल्डर’ या एकाच चित्राखाली चार निरनिराळ्या वस्तू आहेत : खरी जागा, लेबल, कॅटलॉगमधली नोंद आणि शॉर्टकट. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आवराआवर करण्याआधी समोरचे यातले काय आहे, ते ओळखावे. प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्या सॉफ्टवेअरांत एकच रचना उतरवण्याचा हट्ट इथेच सोडावा आणि त्याऐवजी कामाचे नाव एकच ठेवावे. डिस्कवरच्या फोल्डराला जे नाव, तेच मेलच्या लेबलाला, तेच ड्राइव्हवर आणि तेच फोटोंच्या अल्बमला. रचना प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीने लावते. नाव तेवढे आपल्या हातात असते.

नाव नसले की काय होते, ते लग्नसराईत छापखान्याच्या संगणकावर दिसते. लेखकाने पाहिलेल्या एका डेस्कटॉपवर ‘पाटील पत्रिका’, ‘पाटील पत्रिका नवीन’, ‘पाटील फायनल’, ‘पाटील फायनल २’ आणि ‘पाटील हीच घ्या’ अशा कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या पाच फाइली ओळीने होत्या. ऑपरेटर गावी गेला होता. मालक फोनवर विचारत होते, “पाटलांची कुठली घेऊ रे?” तिकडून उत्तर आले, “फायनल दोन घेऊ नका मालक, त्यात मामांचं नाव राहिलंय.” कुठली फाइल खरी हे एका माणसाच्या डोक्यात होते, संगणकात नव्हते. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यात नुसत्या ‘पाटील’ नावाने पत्रिका शोधणे कठीणच. लग्नाची तारीख, आडनाव आणि गाव असे नाव दिले, उदाहरणार्थ ‘२०२५-०५-११ पाटील वडणगे’, की त्या नावाचा एकच फोल्डर होतो. आतल्या फाइलींना ‘०१’, ‘०२’, ‘०३’ असे क्रमांक द्यावेत आणि ग्राहकाने होकार दिलेली पीडीएफ ‘छपाई’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवावी. ‘फायनल’ हा शब्द नावात येऊच देऊ नये, कारण त्याच्यानंतर नेहमी आणखी एक येते.

छापखान्यात फाइलीबरोबर तिचे सोबतीही सांभाळावे लागतात. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेला फोटो बहुधा पानात नसतो, पानात फक्त त्याचा पत्ता असतो. फोटोचा फोल्डर हलवला की दुवा तुटतो. ‘पॅकेज’ ही आज्ञा पान, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरात गोळा करते. काम दुसऱ्या छापखान्यात पाठवताना ती वापरलीच पाहिजे. कोरलड्रॉच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून जुन्या आवृत्तीतली एक प्रत ठेवण्याची ऑपरेटरांची रीत योग्यच आहे, फक्त ती आवृत्ती नावात लिहावी. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा गुंता असतो. ‘वडणगे’ असे शोधले तर त्या फाइलीच्या पोटातला ‘वडणगे’ सापडत नाही. अशा जुन्या कामांना फोल्डराचे नाव हाच एकमेव शोधमार्ग उरतो.

मशीनशॉपमध्ये चुकीची किंमत धातूत मोजावी लागते. जुन्या रिव्हिजनच्या (सुधारणेआधीच्या) ड्रॉइंगवर पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, झाला आणि त्यावर कास्टिंग ओतले, तर ते पुन्हा भट्टीतच जाते. म्हणून इथे फोल्डर ग्राहकाच्या नावाने आणि त्याखाली पार्ट नंबरने लावतात, आणि रिव्हिजनचे अक्षर फाइलीच्या नावात शेवटी येते. नवी रिव्हिजन आली की जुनी पुसू नये. तिथेच ‘रद्द’ नावाच्या फोल्डरात टाकावी, कारण परत आलेल्या मालाची चौकशी जुन्या ड्रॉइंगवरच होते. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये असेंब्लीची (पूर्ण जोडणीची) फाइल तिच्या पार्टांच्या फाइलींचे पत्ते धरून असते. एक्सप्लोररमधून पार्टचे नाव बदलले की असेंब्ली उघडताना तो पार्ट कुठे आहे असे विचारते. पूर्ण संच बाहेर द्यायचा असेल तर ‘पॅक अँड गो’ वापरतात. ऑटोकॅडमध्ये तेच काम ‘ई-ट्रान्समिट’ करते. शॉप फ्लोअरवरच्या संगणकावर मात्र फक्त चालू रिव्हिजनची पीडीएफ असावी, दुसरे काही नसावे.

टॅलीचा डेटा फोल्डर उघडला तर पेढीचे नाव कुठेच दिसत नाही, प्रत्येक कंपनीला क्रमांकाचा फोल्डर असतो. त्याचे नाव हौसेने बदलू नये, आतल्या फाइली हलवू नयेत. बॅकअप टॅलीच्या आतूनच घ्यावा आणि तो ज्या फोल्डरात जातो त्याला पेढीचे नाव व तारीख द्यावी. वर्षाचा प्रश्नही आहेच. हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, साखर कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यात संपणारा, शाळेचे वर्ष जूनपासूनचे. नुसते ‘२०२४’ लिहिले तर यातले कुठले ते समजत नाही. ‘२०२४-२५ हिशेब’, ‘२०२४-२५ हंगाम’ असे पुरे लिहावे.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, हे आयएसओ ८६०१ (१९८८) या मानकाला धरून आहे. त्यामागचे कारण साधे आहे : नावांचा क्रम लागताना तारखांचाही क्रम आपोआप लागतो. दिवस आधी लिहिला तर ०१ जानेवारी आणि ०१ डिसेंबर शेजारी बसतात. विंडोज एक्सप्लोरर २ नंतर १० लावतो, पण अनेक सॉफ्टवेअर १० आधी आणि २ नंतर लावतात, म्हणून ०२ असे दोन आकडी लिहिणे बरे. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे ‘७/१२’ हे नाव देताच येत नाही. लोक ‘७-१२’ किंवा ‘सातबारा’ लिहितात, दोन्हीपैकी एकच ठरवून घ्यावे. फोल्डरात फोल्डर करत पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला, तर विंडोजवरची अनेक सॉफ्टवेअर तिथली फाइल उघडायला किंवा कॉपी करायला नकार देतात. तीन-चार पायऱ्यांत काम भागते.

मराठीत नावे देण्याबद्दल विनाकारण भीती आहे. युनिकोडातले मराठी नाव आजच्या विंडोजवर आणि अँड्रॉइडवर नीट चालते. काळजी घ्यायची ती शुद्धलेखनाची. एकाने ‘कोल्हापूर’ आणि दुसऱ्याने ‘कोल्हापुर’ लिहिले तर संगणकाला ती दोन गावे. ‘व्यापाऱ्यांची बिले’ यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकाला दुसरा सापडेलच असे नाही. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांच्या रांगा तर वेगळ्याच लागतात. तेव्हा शब्द मराठी ठेवावेत आणि आकडे एकाच लिपीतले. सगळ्यांनी तीच रीत पाळावी.

मोबाइलवरचा सगळ्यात मोठा ढीग व्हॉट्सॲपचा. त्यातल्या फोटोच्या नावात तारीख असते, पण ती फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. गुजरीतल्या पेढीला आलेला नमुन्याचा फोटो आणि घरच्या बारशाचा फोटो एकाच फोल्डरात, एकाच घाटाच्या नावाने पडतात. कामाचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले तर मूळ नाव आणि मूळ दर्जा टिकतो. आलेली फाइल त्याच दिवशी कामाच्या फोल्डरात हलवावी. महिनाभराने ते होत नाही.

‘डी ड्राइव्हला टाकलंय’ हे वाक्य कोल्हापुरात कुठल्याही कार्यालयात ऐकू येते. दुरुस्तीवाला विंडोज बिघडले की सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, डी वाचतो, या अनुभवातून ही सवय लागली. सवय चांगली आहे, पण अपुरी. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात; डिस्क गेली की दोन्ही जातात. क्लाउडवर सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे, हाही समज चुकीचा. सिंकमध्ये एका जागी पुसलेले सगळीकडे पुसले जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवसच राहते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम जगभर पाळला जातो.

दुसरे ठिकाण म्हणजे काय, हे कोल्हापूरला पंचगंगेने दाखवले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सखल भागातल्या दुकानांत आणि कार्यालयांत पाणी शिरले, आणि टेबलाखाली ठेवलेला सीपीयू सगळ्यात आधी बुडतो. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल तर तीही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा या बाजूला ज्यांचे काम आहे त्यांनी बॅकअपची एक डिस्क कायम पूररेषेबाहेरच्या घरी ठेवावी, आणि पाणी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की त्याच दिवशी ताजी प्रत काढून तिच्यावर घ्यावी. ४३ फुटांपर्यंत थांबले तर तोवर त्या रस्त्यावरची वीजही गेलेली असू शकते.