जेवल्यावर पोट दुखतं: ॲसिडिटी, की पित्ताशयातला खडा?

तेरवीच्या पंगतीत वडे, पुऱ्या, तर्रीदार भाजी झाली आणि रात्री पोट दुखायला लागलं, की घरातलं कुणीतरी गॅसची गोळी काढून देतं. दुखणं जठरातल्या आम्लाचं असेल तर ठीक. पित्ताशयात, म्हणजे यकृताखालच्या पित्तरसाच्या पिशवीत, खडा असेल तर त्या गोळीचा काही उपयोग नाही.

ॲसिडिटीत छातीच्या हाडाखाली मधोमध जळजळ होते, आंबट ढेकर येतात, आडवं झालं की घशाशी येतं. अँटासिडचं पातळ औषध घेतलं की थोड्या वेळात उतार पडतो. जठरात अल्सर, म्हणजे आतून जखम, असेल तर बहुधा जेवल्यावर लवकरच दुखतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला असेल तर उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखतं आणि दोन घास खाल्ले की शांत होतं. निंदणाच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना अल्सरचा धोका जास्त. त्या उपाशीपोटी तर घेऊच नयेत. आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी घ्यायला सांगितली असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास. जेवून घेतली तर तिचा पुरता फायदा मिळत नाही.

खड्याची कळ वेगळी. तेलकट अन्न आतड्यात उतरलं की पित्त सोडण्यासाठी पित्ताशय आवळतं, आणि खडा त्याच्या तोंडाशी अडकला की दुखणं सुरू होतं. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध, तिथून पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत. अर्धा तास ते पाच-सहा तास ते एकसारखं राहतं. कूस बदलून, ढेकर देऊन, संडासला जाऊन फरक पडत नाही. मळमळ, उलटी सोबत असते. खडा मागे सरकला की कळ आपोआप थांबते, आणि श्रेय शेवटी घेतलेल्या गोळीला जातं. इथेच माणूस फसतो आणि तपासणी लांबते.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बनणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं आणि शाळकरी वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात. सिकलसेलच्या पोराचं पोट जेवल्यावर वारंवार दुखत असेल तर जंत म्हणून सोडून देऊ नका.

निदान सोनोग्राफीनं होतं. त्याआधी सहा ते आठ तास उपाशी राहायचं, दुधाचा चहाही नको; पित्ताशय रिकामं झालं की खडे नीट दिसत नाहीत. साध्या एक्स-रेत बहुतेक खडे दिसतच नाहीत. खडे सापडले पण कळ कधी आलीच नसेल, तर सहसा ऑपरेशनची गरज नसते. कळा येत असतील तर पित्ताशयच काढतात. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. मुतखड्यावर घेतात तो पानफुटीचा रस इथे कामाचा नाही.

कळ सहा तासांवर गेली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा दुखणं पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. डांबरासारखी काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली तरी तेच. आणि जळजळीसोबत दरदरून घाम, दम, छातीत किंवा डाव्या हातात जडपणा असेल, विशेषतः शुगरच्या रोग्याला, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं, आधी ईसीजी. पोटाचं नंतर पाहता येतं.