‘टेंटेड लव्ह’ सॉफ्ट सेलचं नाही हो

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की ‘टेंटेड लव्ह’ हे सॉफ्ट सेल या ब्रिटिश पॉप जोडीचं ओरिजिनल गाणं. नाही. त्यांचं व्हर्जन 1981 चं, ब्रिटनमध्ये नंबर वन गेलं हे खरं, पण गाणं लिहिलंय एड कॉबने आणि आधी गायलंय ग्लोरिया जोन्सने, अमेरिकेत, 1965 ची चॅम्पियन लेबलची (म्हणजे रेकॉर्ड कंपनीची) सिंगल, दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, आणि तीही बी साइडला, म्हणजे मागच्या बाजूला! ए साइड आपटली, रेकॉर्ड गेली अडगळीत. मग रिचर्ड सर्लिंग नावाच्या इंग्लिश डीजेला 1973 मध्ये अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड उपसताना ती मिळाली आणि त्याने ती उत्तर इंग्लंडच्या क्लबांत वाजवली, जिथे पोरं रात्रभर असल्याच पडेल सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) गाण्यांवर नाचायची, तिथून ती फेमस. तिथले डीजे तर लेबलवर कागद चिकटवून गायकाचं खोटंच नाव सांगायचे, दुसऱ्याला रेकॉर्ड सापडू नये म्हणून (चिंधीपणा, पण मजा आहे). तर असं गाणं मागच्या बाजूला दडलेलं असू शकतं, त्यामुळे जुनी सिंगल हाती लागली की आधी पलटी करून ऐका. आणि हो, ग्लोरियाने 1976 मध्ये हेच गाणं परत रेकॉर्ड केलंय, घेताना लेबल आणि साल बघूनच पैसे काढा.