विजेचा अनुशेष : विदर्भातील वीजवापर आणि गुंतवणुकीची पार्श्वभूमी

विजेचा वापर कमी म्हणून विदर्भ मागे राहिला, की विदर्भ मागे राहिला म्हणून विजेचा वापर कमी, हा प्रश्न नागपुरात अर्थसंकल्पाच्या आणि हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने दरवर्षी पुन्हा विचारला जातो. प्रश्न सरळ दिसतो. मात्र त्याचे उत्तर शोधताना ज्या मापाचा आधार घेतला गेला, ते ‘अनुशेषा’चे मापच सदोष होते आणि त्यावर बेतलेली धोरणे आजही चालू आहेत.

या भागात ऊर्जेची वाण कधी नव्हती. नागपुरातील पहिली मोठी कापडगिरणी १८७७ साली वाफेवर सुरू झाली, त्याच दशकात वरोऱ्याचा कोळसा रेल्वेने बाहेर पडू लागला, आणि पुढे कोराडी, चंद्रपूर व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे अनुक्रमे १९७४, १९८३ आणि १९८९ पासून राज्याला वीज पुरवू लागली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासखर्चात न्याय्य वाटा देण्याचे मान्य केले होते, परंतु तो वाटा कसा मोजायचा हे तीस वर्षे ठरलेच नाही.

ते ठरवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने केला. तिच्या १९८४ च्या अहवालाने ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात आणि रोजच्या बोलण्यात कायमचा रुजवला. एखाद्या क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष, अशी ही व्याख्या होती. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा, म्हणजे ३९ टक्के होता. सिंचन, रस्ते, आरोग्य, शिक्षण यांच्या जोडीला ग्रामीण विद्युतीकरणही मोजले गेले, आणि व्यवहारात विजेचा अनुशेष म्हणजे मुख्यतः कृषिपंपांच्या राहिलेल्या जोडण्या असा अर्थ रूढ झाला.

गुंता येथूनच सुरू होतो. पंपाला जोडणी द्यायची तर आधी विहीर हवी आणि विहिरीला पाणी हवे. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात आणि भूजल खारे असलेल्या खारपाणपट्ट्यात पंप कमी होते ते खांब आणि तारा पोहोचल्या नाहीत एवढ्याच कारणाने नव्हे. उपसायला गोडे पाणीच पुरेसे नव्हते. म्हणजे विजेचा अनुशेष हा बऱ्याच अंशी सिंचनाच्या अनुशेषाची सावली होता. कागदावर मात्र तो स्वतंत्र शीर्षकाखाली मांडला गेला, त्यासाठी स्वतंत्र निधी ठरला आणि निधी खर्च झाला की अनुशेष ‘दूर झाला’ अशी नोंद होऊ लागली. आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष असे दोन शब्द पुढे प्रचारात आले ते यामुळेच: पैसे संपले तरी जोडण्या बाकीच होत्या. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाल्यावर अनुशेषाची फेरमोजणी झाली, पण मूळ व्याख्या तशीच राहिली.

या व्याख्येची दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. तिच्यात कारखान्यांच्या वीजवापराला जागाच नव्हती. एखाद्या जिल्ह्यात यंत्रमाग, ओतशाळा किंवा शीतगृहे किती चालतात, हे विजेच्या अनुशेषात कोठेही दिसत नव्हते. गुंतवणुकीशी ज्या वापराचा थेट संबंध आहे तोच मोजमापाबाहेर राहिला. शिवाय मीटर नसलेल्या पंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जात असे आणि वितरणातील गळती त्या अंदाजात सहज लपत असे. अशा आकड्यांवरून वापर आणि वाढ यांचे नाते सिद्ध करणे कठीण होते, तरी ते सर्व पक्षांनी आपापल्या सोयीने सिद्ध केले.

दरांचाही प्रश्न होता. मुंबई वगळता राज्यभर प्रत्येक वर्गवारीला एकच वीजदर असल्याने कोळशाच्या खाणीशेजारी कारखाना टाकून दरात काही लाभ नव्हता. राख, धूर आणि पाण्याचा उपसा स्थानिकांच्या वाट्याला आला, तर किमतीचा फायदा सगळ्या राज्यात समान वाटला गेला. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये मात्र स्वस्त विजेच्या आधाराने पोलाद उद्योग वाढत गेला, आणि बुटीबोरी व हिंगणा या नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांच्या निवेदनांत त्याचा उल्लेख हमखास येऊ लागला.

२००५ नंतरच्या भारनियमनाने ही तक्रार तीव्र केली. कोराडीच्या धुराड्यांच्या नजरेच्या टप्प्यातील गावेही तासन्‌तास अंधारात असत. पुढच्या दशकात तिरोडा (३,३०० मेगावॉट), मौदा (२,३२० मेगावॉट) आणि कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले आणि क्षमतेचा प्रश्न मागे पडला. पण वीज मुबलक झाल्याने गुंतवणूक आपोआप आली नाही. नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पासाठी उभारलेले वीजकेंद्र बंद पडले, बुटीबोरीचे ६०० मेगावॉटचे केंद्रही काही वर्षे बंद राहिले. केवळ पुरवठा वाढवून मागणी निर्माण होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

२०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना प्रतियुनिट सवलत देण्याचा निर्णय झाला. गुंतवणूकदाराच्या खर्चाचा विचार करणारा हा पहिला मोठा निर्णय म्हणून त्याचे स्वागत योग्यच होते. परंतु सवलत युनिटवर असल्याने जो जास्त वीज जाळी त्याला जास्त मिळे. विजेच्या भट्ट्यांवर चालणाऱ्या पोलाद कारखान्याला ती मोठी ठरे, दिवाळीनंतर काही महिनेच चालणाऱ्या जिनिंगला तुटपुंजी.

२०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. या अनुदानाचा जिल्हावार वाटा पंपांच्या संख्येवर आणि त्यांच्या वापरावर ठरतो. ज्या तालुक्यांत १९८४ साली पाण्याअभावी पंप नव्हते आणि आजही कमी आहेत, तेथे हे अनुदान कमीच पोहोचणार आहे.