कापूस कुठला, हे धाग्यातला ऑक्सिजन सांगतो

सेंद्रिय कापडाचं 'गॉट्स' हे मानक चालवणाऱ्या संस्थेने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भारतातला एक मोठा घोटाळा उघड केला. बनावट दाखल्यांवर सुमारे २०,००० टन कापूस 'सेंद्रिय' म्हणून पुढे सरकला होता. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारी संकेतस्थळ उघडायचं, पण ते संकेतस्थळही नकलीच होतं.

रुईची गाठ सेंद्रिय आहे की नाही, हे नजरेला कळत नाही आणि बोटांनाही कळत नाही. म्हणून शेतातून जिनिंगमध्ये, तिथून सूतगिरणीत, मागावर, रंगाईला आणि शिलाईला जाणाऱ्या मालाबरोबर दाखला जातो. पहिलाच दाखला खोटा असेल, तर पुढचे सगळे नियमाप्रमाणे असूनही फुकट. ब्लॉकचेनने, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीने, हा प्रश्न मिटेल असा जो गाजावाजा चालतो, तो मला मुळीच पटत नाही. तिथली नोंद मागाहून बदलता येत नाही हे खरं, पण खोटी नोंद केली तर तीही तितकीच पक्की होऊन बसते.

लेबलांबद्दलचे गैरसमजही पुष्कळ आहेत. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे लेबल कापडातली घातक द्रव्यं मर्यादेत आहेत एवढंच सांगतं. कापूस कसा पिकवला, याबद्दल ते काहीही सांगत नाही. कापूस अधिक जबाबदारीने पिकवण्यासाठीच्या 'बेटर कॉटन' या कार्यक्रमाचा व्यवहार वर्षानुवर्षं 'मास बॅलन्स' पद्धतीने चालला. म्हणजे साखळीत अमुक इतका चांगला कापूस शिरल्याचा हिशेब जुळला की झालं. तुमच्या शर्टात तोच कापूस असेल असं नाही. प्रत्यक्ष मालाचा माग ठेवायची सोय त्यांनी २०२३ मध्ये केली. आणि 'केमिकल-फ्री कापड' या दाव्याला तर काही अर्थच नाही, कारण कापूस म्हणजेच मुख्यतः सेल्युलोज नावाचं रसायन.

त्या सेल्युलोजमध्येच कागदापेक्षा भक्कम पुरावा आहे. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलचक पेशी. फूल उमलल्यावर ती आधी वाढत जाते. मग दोनेक आठवड्यांनी तिच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढू लागतात, साधारण रोज एक. सूक्ष्मदर्शकाखाली ते झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे दिसतात. बोंड फुटेपर्यंत सुमारे ५० दिवस जातात आणि त्या दिवसांत झाडाने शोषलेल्या पाण्याची खूण या थरांच्या ऑक्सिजनमध्ये उतरते.

पाणी सगळीकडे सारखं नसतं. ऑक्सिजनच्या दर हजार अणूंमध्ये साधारण दोन अणू ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या प्रकाराचे असतात. असा अणू असलेले पाण्याचे रेणू पावसातून आधी गळून जातात. त्यामुळे ढग समुद्रापासून जसजसा आत सरकतो किंवा डोंगर चढतो, तसतसं त्याच्या पावसातल्या ऑक्सिजन-१८ चं प्रमाण कमी होत जातं. तलावात साठलेल्या पाण्याचं उलटं होतं. उन्हाने हलके रेणू आधी उडतात आणि उरलेलं पाणी जड होतं. पानातही तेच घडतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं जास्त. पुढे पानातली साखर बोंडात पोचून तिचं सेल्युलोज होताना तिचे काही ऑक्सिजन अणू तिथल्या पाण्याशी पुन्हा बदलले जातात, आणि या देवाणघेवाणीत सेल्युलोजमधलं ऑक्सिजन-१८ चं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा सुमारे २.७ टक्क्यांनी जास्त ठरतं. म्हणजे शेवटी मिळणाऱ्या आकड्यात पाऊस, सिंचन आणि हवेचा कोरडेपणा हे तिन्ही मिसळलेले असतात.

हायड्रोजनची कथा मला याहून आवडते. सेल्युलोजच्या प्रत्येक एककात दहा हायड्रोजन असतात. त्यातले तीन ऑक्सिजनला चिकटलेले असतात आणि ते धुलाईच्या पाण्याशी, अगदी हवेतल्या बाष्पाशीही जागा बदलतात, त्यामुळे त्यांची साक्ष कामाची नाही. कार्बनला जोडलेले सात मात्र शेतात बसले तसेच राहतात. म्हणून काही प्रयोगशाळा त्या तिघांच्या जागी नायट्रेटचे गट बसवतात आणि मगच मोजमाप करतात.

चीनच्या शिनजियांग प्रांतातला माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून रोखणारा अमेरिकेचा कायदा जून २०२२ मध्ये लागू झाला आणि तेव्हापासून अशा चाचण्यांना महत्त्व आलं. पण एकाच सुतात चार ठिकाणची रुई मिसळली असेल तर फक्त सरासरी हाती लागते, आणि दोन प्रदेशांची सरासरी तिसऱ्याच प्रदेशासारखी दिसू शकते. त्यामुळे ही चाचणी खोटा दावा पाडायला जास्त उपयोगी पडते, खरा दावा सिद्ध करायला कमी.

शिवाय ती ठिकाण सांगते, फवारणी नाही. सेंद्रिय शेतीत जनुक बदललेलं बियाणं चालत नाही, म्हणून सरकीत किंवा कच्च्या रुईत बीटीचं जनुक पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याच्या पद्धतीने, शोधता येतं. कापड कॉस्टिक सोड्यात उकळून ब्लीच केलं की डीएनएचे तुकडे होतात, तेव्हा ही तपासणी जिनिंगच्याच टप्प्यावर व्हायला हवी.

समस्थानिकांचा आकडा ताडून पाहायला त्या त्या प्रदेशातल्या खात्रीच्या बोंडांचे नमुने लागतात, आणि पाऊस दर हंगामात बदलतो म्हणून ते पुन्हा पुन्हा गोळा करावे लागतात. आज असे बरेच संच खाजगी कंपन्यांच्या ताब्यात आहेत. मानक चालवणाऱ्या संस्थांनी शुल्कातला काही भाग खर्चून हे संच सर्वांसाठी खुले करावेत, म्हणजे कोणत्याही विद्यापीठाला लेबलाची उलटतपासणी करता येईल.